गप्प तुकडा

तुकडा गप्प होता.

धाकटीनं टिकटिक्या, म्हणजे किरणोत्सार मोजायचं यंत्र, आणखी जवळ नेला. अगदी टेकवलाच म्हणा ना. यंत्र रिकाम्या खोलीत करतं तसं मधूनच एकदा टिक करून गप्प बसलं. तिनं यंत्र तळहातावर आपटलं. बॅटरी बदलली. कपाटातल्या दुसऱ्याच एका नमुन्यावर धरलं, तर ते असं कडकडलं की काका दचकून मागे वळले.

"यंत्र ठीक आहे," ती म्हणाली.

"मग?"

"तुकडा ठीक नाही."

काका म्हणजे या न्यूट्रॉन हॉलचे सगळ्यात जुने ऑपरेटर. हातात कायम चहाचा कप, अन् हॉलमध्ये चहाला बंदी असल्यामुळे तो कप कायम पाठीमागे लपवलेला. त्यांनी कप टेबलाखाली ठेवला, जवळ आले आणि म्हणाले, "चिमट्यानं धर पोरी. बोलत असेल अजून."

"बोलत नाहीये काका. तेच तर."

काकांनी टिकटिक्या हातात घेतला, स्वतः लावून बघितला, अन् त्यांचा चेहराच उतरला.

आता एका नखाएवढ्या पांढऱ्या चकतीवरून एवढा गोंधळ कशाला, असं वाटेल. थांबा, सांगायलाच हवं. ही चकती एका फुटलेल्या नळीतून कापलेली होती. जाड, पांढरी, झिर्कोनियाची नळी. म्हणजे सिरॅमिकच, पण कपबशीचं नव्हे, लोखंड वितळेल तिथेही ताठ उभं राहणारं. समोरच्या इमारतीत दाबाची भट्टी होती, तिच्यात ही नळी बसवलेली. एका सकाळी नळी फुटली. भट्टीसमोर धाकटीचा दादा उभा होता.

दादा गेला. भट्टीचं तापमान नोंदणारं यंत्रबिंत्र सगळं त्यातच जळलं. त्यामुळे प्रश्न एकच उरला. नळीच वाईट होती, की दादानं ती घाईनं तापवली म्हणून फुटली? सगळे हळूहळू दुसऱ्याच बाजूला झुकायला लागले होते. दादाच्या मुलीला शाळेत कुणीतरी विचारलंसुद्धा, "तुझ्याच बाबांनी उडवली ना भट्टी?" पोरगी घरी आली. डबा न उघडता तसाच ओट्यावर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

आज ही चकती न्यूट्रॉनच्या झोतात ठेवायची होती. आत भोकं, भेगा दिसल्या तर नळी वाईट. आत सगळं घट्ट असेल तर चूक दादाची. चौकशीवाल्या मॅडम आजच्या निकालावर अहवाल देणार होत्या. झोत काका सोडायचे, पण आलेख काढून वाचायला धाकटीशिवाय कुणी नव्हतं, म्हणून मॅडमनी तिलाच परवानगी दिली, पण अट घातली की काका शेजारून हलायचे नाहीत.

धाकटीला मात्र काहीच वाटत नव्हतं. दाढ काढायच्या आधी सुई टोचली की गाल कसा होतो? चिमटा काढला तरी कुणा दुसऱ्याचा. तसं तिचं सगळं अंगच झालं होतं, दादा गेल्यापासून. रडायला येत नव्हतं. भूकही लागत नव्हती. काम मात्र जमत होतं.

ती तुकडा दिव्याखाली फिरवत होती. मध्यभागी एक फिकट, पिवळट-तपकिरी ठिपका. चहाचा थेंब वाळावा तसा.

तिनं काकांच्या कपाकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" काका भडकले. "मी कपाट उघडलेलंसुद्धा नाही!"

तिनं स्पिरिटचा बोळा घेऊन ठिपका पुसला. ठिपका गेला नाही. तिनं नखानं खरवडला. तरी नाही.

तिनं तुकडा डबीत ठेवला, मशीन सुरू केलंच नाही, आणि मॅडमना फोन लावला.

---

मॅडम आल्या. त्यांचे बूट प्रत्येक पावलाला कुरकुरायचे, त्यामुळे त्या कुठे आहेत हे सगळ्या इमारतीला कळायचं. चौकशीच्या कामाला असे बूट म्हणजे कमालच. पण मॅडम म्हणायच्या, "ऐकू आलेलं बरं. ज्याला लपवायचं असेल तो लपवायला धावतो, मग मला धावपळ दिसते."

"नीट सांग," त्या म्हणाल्या. "मी शास्त्रज्ञ नाही. माझ्या भाचीला समजेल असं सांग."

धाकटीनं सांगितलं. आवाज सपाट, बसमधल्या थांब्यांची नावं वाचावीत तसा.

"दादा एक विनोद करायचा. एक्स-रे म्हणजे दारात उभं राहून डोकावणारा पाहुणा. झिर्कोनियासारख्या जड वस्तूत आमचे साधे एक्स-रे केसाच्या जाडीइतकेही शिरत नाहीत. बाहेरची कातडी बघून परत. न्यूट्रॉन म्हणजे आत्या. सरळ स्वयंपाकघरात शिरते, डबे उघडते, फडताळात काय लपवलंय ते बघते."

"बरं. मग?"

"विनोद पुढे आहे. पाहुणा गेला की गेला. आत्या येऊन गेली की आठवडाभर घरभर तिच्या तेलाचा वास."

मॅडमच्या भुवया वर गेल्या.

"न्यूट्रॉन ज्या वस्तूत शिरतात तिला थोडी किरणोत्सारी करून ठेवतात," धाकटी म्हणाली. "झिर्कोनियात हाफ्नियम मिसळलेलं असतंच, ते तर फार दिवस बोलत राहतं. धोका नसतो, पण टिकटिक्याला ऐकू येतं. हा तुकडा गेल्या आठवड्यात झोतात होता. मीच ठेवला होता. मधेच पंप बिघडला, झोत बंद पडला, म्हणून आलेख अर्धवट राहिला. तुकडा कपाटात ठेवून मी घरी गेले. आज पंप दुरुस्त झाला. आज या तुकड्यानं बोलायला हवं होतं."

"आणि तो गप्प आहे."

"म्हणजे हा तो तुकडाच नाही. कुणीतरी बदललाय."

मॅडमनी पर्स टेबलावर ठेवली. आतापर्यंत ती खांद्यालाच होती.

"त्या अर्धवट आलेखात काय होतं?"

"एक उंचवटा. आत बारीक पोकळ्या असाव्यात असा. पण आकडे कमी होते, त्यावरून कुणी शपथ घेणार नाही."

"हे कुणाला माहीत होतं?"

"काकांना. ते शेजारीच होते." ती जरा थांबली. "आणि घरी बोलले मी."

"कपाटाच्या किल्ल्या?"

"काकांकडे एक. नळी बनवणाऱ्या सरांकडे एक. माझी एक, ती घरी खुंटीला होती."

---

काकांना विचारपूस आवडली नाही, हे काकांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं.

"मॅडम, मला तुकडा बदलायचा असता तर मी आधी हिला टिकटिक्या लावू दिला असता का?"

"पंप बंद असताना तुम्ही कुठे होता?"

"पंपाखाली. अक्षरशः. पाठ धरलीय, बघा हवं तर."

"कपाटापाशी कुणी आलं?"

"कपाट हॉलच्या बाहेर, तयारीच्या खोलीत आहे. तिथे सगळेच येतात. हातमोजे घ्यायला, गप्पा मारायला. सर येतात. वरच्या मजल्यावरचा एक्सरे, हिच्या दादाचा मित्र, तोही येतो, दादा गेल्यापासून तर बिचारा रोज डोकावून जायचा, 'काही लागलं तर सांगा' म्हणून. मी कुणाकुणाला पकडू?"

"आणि चहा?"

काका लाल झाले. "चहा माझा वैयक्तिक प्रश्न आहे."

मॅडमना हसू आलं, त्यांनी खोकून ते लपवलं. धाकटीला हसू आलं नाही, पण इथे हसायचं असतं हे तिला आठवलं.

---

सरांच्या खोलीत जाताना मॅडमनी विचारलं, "नळीची पाककृती सरांची, म्हणजे सर्वांत जास्त नुकसान सरांचं. बरोबर?"

"हो."

सर खिडकीशी उभे होते. मोठा माणूस, पण महिन्याभरात कोट सैल झाला होता. कोपऱ्यात पांढरी, कंबरेएवढी एक नळी उभी केलेली, आणि तिच्यात सरांची छत्री.

मॅडमनी नळीकडे बोट केलं. "ही?"

"फुटलेल्या नळीची जुळी बहीण. दोन्ही एकाच वेळी भाजल्या. ही तपासणीहून परत आली तेव्हा..." सरांनी हात हलवला. "काय करायचं हिचं, कळेना. मग छत्री ठेवली."

धाकटी वाकली आणि नळीच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं. गोल, गुळगुळीत. मग तिनं छत्री काढली, नळी आडवी केली, खालची कडही बघितली. तीही गोल, गुळगुळीत. तिनं नळी परत उभी केली आणि छत्री होती तशी ठेवून दिली.

"सर, तुमच्या नळ्या भट्टीत घालण्याआधी पास कशा होतात?" मॅडमनी विचारलं.

"जोडीतली एक कापायची. कापलेल्या तोंडाचा एक्स-रे काढायचा. कापल्यावर आतलंच बाहेर येतं ना. शिवाय न्यूट्रॉन, पण त्याची पाळी यायला फार वेळ लागतो. एक्सरेनं एक्स-रेवर पास केली, म्हणून आम्ही पुढे गेलो."

"चूक तुमच्या पाककृतीची निघाली तर?"

"तर मी निवृत्त होईन." सर सरळ बोलले. "पण तिच्या दादाची निघाली तर मी झोपू शकणार नाही. तो घाई करणारा माणूस नव्हता." मग ते धाकटीकडे वळले. "झोत सुरू झाला का? तुकडा चढवताना हातमोजे घाल हं. गेल्या वेळचं अजून उरलं असेल त्यात."

धाकटीनं मान डोलावली. मॅडमनी हे वाक्य मनात कुठेतरी ठेवून दिलं. दिसलं ते.

---

जिन्यात धाकटीनं घरी फोन लावला. वहिनीनं उचलला.

"वहिनी, माझ्या कामाच्या किल्ल्या या दिवसांत कुणी घेतल्या होत्या का?"

"तुझ्या? नाही गं. का?"

"सकाळी माझ्या खुंटीवर नव्हत्या. आईच्या छत्रीच्या खुंटीवर होत्या."

"आईंनीच अडकवल्या असतील. किंवा येणाऱ्या-जाणाऱ्यांचा धक्का लागून पडल्या असतील, कुणी उचलून टांगल्या. बाहेरचं कोण येतंय इथे? घरचेच सगळे." मग आवाज बारीक झाला. "आज निकाल लागणार ना? लागला की आधी मला सांग. पोरीला मी सांगेन. शाळेतून तिला कळायला नको."

"तुला आधी."

"तू जेवलीस का?"

"हो," धाकटी म्हणाली. खोटंच.

---

एक्सरेची प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर. एक्सरे हे काही त्याचं कामावरून पडलेलं नाव नाही. कॉलेजात तो इतका काटकुळा होता, की दादानं पहिल्याच दिवशी म्हटलं, "याचा एक्स-रे काढायची गरज नाही, असाच दिसतोय." तेव्हापासून एक्सरे. पुढे त्यानं खरंच एक्स-रेचं काम धरलं, तेव्हा दादा आठवडाभर हसत होता. दोघं एका खोलीत राहिले, एकाच इमारतीत नोकरीला लागले. दादा गेल्यावर औषधं आणायला, आईशेजारी बसायला, दूध आणून द्यायला हाच. धाकटी त्याला एक्सरेदादा म्हणायची.

"छोटे! तू कशाला आलीस वर? मला बोलवायचं." त्यानं स्टूल पुढे केलं. मॅडमना खुर्ची. "आई कशा आहेत? सकाळी जाता आलं नाही मला."

"आहे."

"आम्हाला एकच विचारायचंय," मॅडम म्हणाल्या. "नळी तुम्ही पास केलीत?"

"हो."

"कापून?"

"नियमाप्रमाणे." त्यानं चष्मा पुसला. "अगदी स्वच्छ आलेख होता. म्हणूनच तर कळत नाही. दादानं तापवायची घाई केली असेल, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण दुसरं काय?"

धाकटीनं डबी उघडून टेबलावर ठेवली.

"हा तो तुकडा?" त्यानं चिमूट पुढे केली, चकती उचलली, उघड्या तळहातावर घेतली आणि उजेडाकडे धरली. "बघ, एवढासा. चढवलास का मशीनवर?"

"अजून नाही."

"चढव. संपवून टाक एकदाचं. आईंना तरी शांतता मिळेल."

त्यानं चकती परत डबीत ठेवली. धाकटी त्याच्या मशीनकडे बघत होती. नमुना ठेवायच्या खाचेशेजारी आणखी एक छोटी खाच होती. रिकामी.

"तुझी रोजची चकती कुठंय?" तिनं विचारलं. "सकाळी मशीन तपासायला लावतोस ती?"

"ती? फुटली." तो हसला. "माझ्याच हातून पडली. नवीन करायचीय. आता हे सगळं चालू असताना कुठे वेळ?"

भिंतीशी खणांचा एक चपटा डबा होता. छापखान्यात अक्षरं ठेवतात तसा. प्रत्येक खणात एक पांढरी चकती. सगळ्या नखाएवढ्या, सगळ्या एकसारख्या. वर्षानुवर्षांचे नमुने.

धाकटी उठली. "येते मी."

"घरी येतोच संध्याकाळी," एक्सरे म्हणाला.

---

जिन्याच्या मधल्या वळणावर मॅडम थांबल्या. बूट गप्प झाले.

"तुला कळलंय."

"हो."

"कधी?"

"आत्ता. त्यानं हातात घेतला तेव्हा."

"मला नाही कळलं अजून. पण तुझा चेहरा बघून विचारायलाही नको वाटतंय."

"माझा चेहरा कसा झालाय?"

मॅडमनी तो न्याहाळला. "कसाच नाही," त्या म्हणाल्या. "तेच."

धाकटीनं टिकटिक्या कोटाच्या खिशात टाकला. "सरांना आणि काकांना वर बोलवा. त्याच्याच खोलीत."

---

सगळे एक्सरेच्या प्रयोगशाळेत जमले. काकांनी कप बाहेर ठेवला होता, तेही सांगावं न लागता. सर दाराला टेकले. एक्सरेनं सगळ्यांना बसायला जागा केली, पण बसलं कुणीच नाही.

"तुकडा बदललाय," मॅडम म्हणाल्या. "कुणी, ते ही सांगेल."

धाकटी बोलायला लागली. आवाज तसाच.

"मला आधी सर वाटले. नळी त्यांची. पण सकाळपासून सर आणि काका दोघंही मी न विचारता एकच सांगत होते. काका म्हणाले, चिमट्यानं धर. सर म्हणाले, हातमोजे घाल. दोघांच्याही मनात तो तुकडा अजून बोलतोय. ज्यानं बदलला त्याला तो गप्प आहे हे माहीत असणार, म्हणून बदलणारा असं बोलणारच नाही."

"नाटक करता येतं," मॅडम म्हणाल्या.

"येतं. पण न्यूट्रॉनवाला माणूस मुळात ही चूकच करणार नाही. तो तुकडा बदलेल तर आधी नवा तुकडा झोतात ठेवून बोलका करील, किंवा हे कामच सोडून देईल. ही चूक कोण करेल? ज्याच्या यंत्राचं बटण बंद केलं की सगळं संपतं तो. मागे काही उरत नाही, वास नाही, आवाज नाही. आयुष्यभर फक्त पाहुणा आणि दार. पुस्तकात त्यानं वाचलेलं असतंच, पण हाताला ते माहीत नसतं."

सर दार सोडून पुढे आले.

"एक्सरेदादानं तो तुकडा उघड्या हातावर घेतला. अजून बोलतोय का, असंही विचारलं नाही."

"छोटे," एक्सरे म्हणाला. "अगं मला वाटलं..."

"थांब ना. ठिपक्याचं सांगायचं राहिलं. चकतीवर पिवळट ठिपका आहे. काकांचा चहा नव्हे."

"सांगितलं होतं मी," काका पुटपुटले.

"पुसला जात नाही, कारण तो आत आहे. झिर्कोनियावर एकाच जागी रोज एक्स-रे पडत राहिले, तर तिथे असा रंग चढतो. रोज एकाच जागी एक्स-रे पडतात अशी चकती या इमारतीत एकच होती. सकाळी मशीन तपासायची. ती आता फुटली म्हणतो. तिची खाच रिकामी आहे." तिनं डबी पुढे सरकवली. "त्याच्याकडची सगळ्यात चांगली चकती हीच. आत भोकं नाहीत याची त्याला शंभर टक्के खात्री होती. म्हणून हीच निवडली."

"पण का?" सर मोठ्यानं म्हणाले. "का रे?"

"तुमच्या छत्रीमुळे," धाकटी म्हणाली.

"छत्रीमुळे?" सरांनी विचारलं.

"जोडीतली एक नळी कापायची असते. एक भट्टीत गेली. दुसरी तुमच्या कोपऱ्यात उभी आहे. तिच्या दोन्ही टोकांच्या कडा अजून गोलसर आहेत, कापल्यावर त्या धारदार होतात. तिला करवत लागलीच नाही. यानं कापलीच नव्हती. वरूनच एक्स-रे काढला. कातडीचा. कातडी छान भाजलेली, आत कच्चं. वरचं आधी मिटलं, आतली हवा आतच राहिली. दारातून बघून यानं सांगितलं, घर ठीक आहे."

तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ बघितलं.

"आत काहीतरी दिसतंय, हे मी घरी एकालाच सांगितलं होतं. तू आईचे पाय चेपत बसला होतास. तुला बरं वाटेल म्हणून सांगितलं. आणि आज सकाळी माझ्या किल्ल्या चुकीच्या खुंटीवर होत्या."

एक्सरेनं चष्मा काढला. पुसला. घातला नाही.

"हे सगळं तर्क आहेत," तो हळू म्हणाला. "फुटलेली चकती, ठिपका. हे काय पुरावे झाले? मूळ तुकडा आहे का तुझ्याकडे?"

"माझ्याकडे नाही. तू फेकलास का?"

एक्सरेनं चष्मा टेबलावर ठेवला.

"मला नाही वाटत. दादाचा आहे तो. तुला फेकवला नसेल." ती भिंतीजवळच्या डब्याकडे गेली. "तू तो इथे ठेवलास. एवढ्या एकसारख्या चकत्यांत एक आणखी. कुणाला ओळखू येणार आहे?"

तिनं खिशातून टिकटिक्या काढला. पहिल्या खणावर धरला. टिक. रिकाम्या खोलीतली. दुसरा खण. गप्प. ती सावकाश एकेक रांग पुढे सरकत गेली. काकांनी भिंतीला हात लावला. एक्सरेनं डोळे मिटून घेतले, म्हणजे त्याला तेव्हाच समजलं असणार, त्यानं तीच चूक दुसऱ्यांदा केलीय.

शेवटून दुसऱ्या रांगेत, कोपऱ्यातल्या खणावर, यंत्र कडकडायला लागलं.

थांबेचना.

---

"तोच घाई करत होता," एक्सरे म्हणाला, खुर्चीत बसून, जमिनीकडे बघत. "रोज यायचा. 'दे ना रे पास करून, माझी भट्टी रिकामी पडलीय.' करवत दुरुस्तीला गेली होती. मी म्हटलं, करवत येईपर्यंत थांब. तो म्हणाला, 'वरून बघ ना, तू तर माझ्या आरपार बघतोस.' मी हसलो. आणि केली पास."

"मग सांगायचं होतंस," सर म्हणाले.

"कुणाला? आईंना? त्यांच्या हातचं जेवत होतो मी."

काकांनी तोंड फिरवलं. मॅडम त्याला घेऊन निघाल्या. दारात तो थांबला. "छोटे, दादाची चूक नव्हती," तो म्हणाला.

"माहीत आहे मला. तू त्याचीच म्हणणार होतास."

बूट कुरकुरत जिना उतरून गेले.

धाकटीनं खरी चकती चिमट्यानं उचलली, हातमोजे घालून झोतात ठेवली आणि मशीन सुरू केलं. काका शेजारी बसले. पडद्यावर एकेक ठिपका जमत गेला, आणि तोच उंचवटा उठायला लागला, या वेळी ठळक, कुणीही शपथ घ्यावी असा. आत पोकळ्याच पोकळ्या. कुणाच्या घाईनं तापवलेल्या भट्टीत झालेल्या नव्हेत, जन्मापासूनच्या.

"रड ना पोरी," काका म्हणाले. "रडलीस तरी चालतं."

"येत नाहीये काका."

काकांनी तिच्यापुढे आपला कप सरकवला. हॉलमध्ये. उघड्यावर. तिनं घेतला.

वहिनीचा फोन पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"नळी वाईट होती," धाकटी म्हणाली. "दादाची काही चूक नव्हती. पोरीला सांग. उद्या शाळेत ताठ मानेनं जाऊ दे."

पलीकडून वहिनीचं नाक ओढणं, मग फोन कुणीतरी दुसऱ्यानं घेतला. आई.

"धाकटे, तो आला नाही गं अजून? रोज या वेळेला येतो. त्याचं ताट वाढलंय मी."

धाकटीनं पडद्याकडे बघितलं. टिकटिक्या टेबलावर होता. बंद करायचा राहिला होता. टिक, टिक करत होता.

"तो आज नाही येणार, आई," ती म्हणाली. "ते ताट मला ठेव. मी जेवलेली नाही."